जॅक नसताना भरल्या टँकरचं चाक बदललं तेव्हा : माणमधलं एक प्रकरण

२०१९ चा मे महिना. आदल्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात सातारा जिल्ह्यातला आमचा माण तालुका होताच. उन्हाळा लागला तसा म्हसवडच्या आसपास चारा छावण्या भरल्या. माझा ट्रॅक्टर आणि ५००० लिटरचा टँकर तीन महिने एकाच कामावर होता : विहिरीवर भरायचा, छावणीत ओतायचा, परत विहिरीवर. उन्हाळ्यात मोठं जनावर दिवसाला ४०-५० लिटर पाणी सहज पितं, म्हणजे एक खेप शंभरेक जनावरांचं दिवसभराचं पाणी. त्या दिवशी संध्याकाळची खेप घेऊन निघालेला टँकर छावणीच्या अलीकडे चार किलोमीटरवर, एका वस्तीशेजारच्या मुरमाड रस्त्यावर पंक्चर झाला. जॅक नव्हता. त्या तीन तासांत काय केलं, काय चुकलं आणि कशाने जमलं, ते इथे सविस्तर मांडतो. टँकर, ट्रॉली, मळणी यंत्र असं काहीही ओढत आडरानात फिरणाऱ्याला याचा उपयोग होईल.

जॅक का नव्हता, तर माझ्यामुळे. आदल्या रात्री भावकीतल्या एकाच्या उसाच्या ट्रॉलीला लागला म्हणून मी तो काढून दिला आणि सकाळी परत घ्यायचं राहिलं. ट्रॅक्टर पुतण्या चालवत होता. त्याने निघताना विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आधी टँकरची बांधणी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. या टँकरला दोन ॲक्सल आहेत, एकामागे एक, दोन्ही टाकीच्या मध्याखाली. ट्रॉलीसारखं पुढचं वळणारं चाक नाही. पुढचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. म्हणजे डावीकडे दोन चाकं, उजवीकडे दोन, आणि एका बाजूच्या दोन टायरमध्ये जेमतेम चार बोटांची फट. टायर ७.५०-१६, ट्यूबचे. एका बाजूचे दोन पाटे, म्हणजे ॲक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मधोमध एका झुलत्या लोखंडी तुकड्याला जोडलेले असतात. तो तराजूच्या दांडीसारखा काम करतो : पुढचं चाक दगडावर चढलं की मागचं खाली दाबलं जातं आणि वजन दोन्ही चाकांवर वाटलेलं राहतं. मी त्याला तराजूच म्हणतो. खराब रस्त्यावर हाच तराजू टँकर सांभाळतो. चाक बदलताना मात्र तोच आडवा येतो, ते पुढे येईलच.

डावीकडचं मागचं चाक बसलं होतं. पुतण्याला ते लगेच कळलंच नाही. दोन चाकी ट्रॉलीचं एक चाक बसलं तर ट्रॉली कलंडल्यासारखी होते आणि आरशात दिसते. इथे शेजारचं चाक ओझं घेतं, टँकर थोडा झुकतो आणि चालत राहतो. जळक्या रबराचा वास आला तेव्हा पोराने थांबवलं. मी मोटारसायकलने पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. टायरच्या बाजूला हात लावला, चटका बसला.

टायर पूर्ण रिमवर बसलेला होता. माझ्या खिशात टेप असतो. चाक चांगलं असताना ॲक्सलच्या खाली जमिनीपर्यंत साडेतेरा इंच भरतात. आता नऊ इंच होते. हा आकडा लिहून ठेवण्यासारखा आहे. जॅक असता तरी आमचा मोठा बाटली जॅक मिटवलेला असतानाच नऊ इंचांच्या वर उभा राहतो, म्हणजे तो या फटीत शिरलाच नसता. त्यासाठीही आधी खड्डाच खणावा लागला असता. ज्यांच्या गाडीत जॅक आहे त्यांनी एकदा टायरची सगळी हवा सोडून तो खाली जातो का, हे घरच्या अंगणात बघून घ्यावं.

म्हसवडच्या पंक्चरवाल्याला फोन केला. तो आठनंतर येतो म्हणाला, तेही त्याच्याकडचा जॅक इतका भार घेईल याची खात्री नव्हती. रस्ता डांबरी, वाहता असता तर मी आठपर्यंत थांबलोच असतो, आणि तुम्हीही थांबा. हायवेच्या कडेला, मागून ट्रक येत असताना, दगड-लाकडांवर भरला टँकर चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. इथे मात्र रस्ता वस्तीचा, जमीन सपाट, मुरूम घट्ट, उजेडाचे दोन तास हातात आणि छावणीतले हौद सकाळपासून कोरडे. म्हणून करायचं ठरवलं.

पहिला प्रयत्न सरळ डोक्यात येतो तोच. डावीकडचं पुढचं चाक चांगलं आहे. ते उंचावर चढवलं की त्या बाजूची चॅसी उचलली जाईल आणि मागचं बसलेलं चाक लोंबेल. वस्तीवरच्या एकाने गोठ्याच्या दाराची चार फुटी जाड फळी आणली. तिचं एक टोक दगडांवर, दुसरं जमिनीवर, अशी घसरगुंडी करून पुढच्या चाकासमोर ठेवली. पुतण्याने ट्रॅक्टर हळू पुढे घेतला. पुढचं चाक वर गेलं, सगळ्यांना बरं वाटलं, आणि टोकाला पोचायच्या आत मागचं बसलेलं चाकही त्याच फळीवर चढलं. दोन्ही चाकं एकाच उतारावर. फरक काही पडला नाही, फक्त फळी मधून कडकडली.

इथली गोष्ट साधी आहे, पण घाईत सुटते. आमच्या दोन ॲक्सलमधलं अंतर तीन फूट आहे. चढण त्यापेक्षा लांब असेल तर मागचं चाक पुढच्याच्या पाठोपाठ तिच्यावर येणारच. चढण आखूड हवी, म्हणून ती उभी होणार, आणि उभी चढण चढताना चाक पुढ्यातला ठोकळा पुढे ढकलणार. म्हणजे ठोकळा अडवायलाही काहीतरी हवं.

दुसऱ्या वेळी आम्ही बांधावरचे दगड आणून पायऱ्या रचल्या. माझी यात मोठी चूक झाली : बांधावरचे दगड गोलसर होते. चाक दुसऱ्या थरावर आलं आणि खालचा एक गोटा दाबातून निसटून बंदुकीच्या गोळीसारखा बाजूला उडाला. रिकाम्या बॅरलला लागला. बॅरलला पोचा पडला. तिथे दोन मिनिटांपूर्वी वस्तीवरची पाच-सहा वर्षांची पोरगी उभी होती. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी टँकर खाली घ्यायला लावला, ट्रॅक्टर बंद करायला सांगितला आणि सगळ्यांना बांधाच्या पलीकडे पाठवलं. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही.

मग पहिल्यांदा मी वजनाचा हिशेब केला. तो आधीच करायला हवा होता. टाकीत ५००० लिटर म्हणजे ५ टन पाणी. रिकाम्या टँकरचं वजन धरून आणि हुकावरचा भार सोडून चार चाकांवर साधारण ६ टन. एकेका चाकाला दीड टन. डावीकडचं पुढचं चाक एकटं चढवायचं म्हणजे त्या एका टायरवर जवळपास ३ टन, आणि खालच्या दगडावरही तेवढेच. एरवी दीड टनाच्या आसपास ओझं वाहणारा टायर आणि हाताने रचलेली दगडांची उतरंड, दोघांकडूनही मी दुप्पट मागत होतो.

वजन कमी करायला पाणी सोडायचं. माणमध्ये, मे महिन्यात, रस्त्यावर पाणी सोडायचं! पुतण्याने नळाच्या चाकाकडे नुसतं बघितलं आणि मान फिरवली. मलाही ते जमलं नसतं.

वाट वस्तीवरच्या वहिनींनी काढली. "सोडायचं कशाला? आमच्याकडं वता की. आमची खेप परवा हाय, ती धरा ह्यात." वस्तीवर सात घरं. दोनशे लिटरचे नऊ बॅरल निघाले आणि एक हजार लिटरची प्लास्टिकची टाकी. छावणीत फोन लावून विचारलं. तिथल्या माणसाने क्षणभर थांबून, रात्री दुसरी खेप टाकणार असाल तर हरकत नाही म्हणून सांगितलं. चाळीस मिनिटं लागली. बॅरल लांब होते तिथे बायका-पोरांनी कळशांनी पाणी नेलं. एकूण २८०० लिटर गेलं, टाकीत २२०० उरलं. चाकांवरचा भार निम्म्याच्या जवळ आला.

अर्ध्या टाकीचा एक धोका असतो. भरलेल्या टाकीत पाणी हलायला जागा नसते, अर्धी टाकी मात्र डचमळते. ट्रॅक्टर झटक्याने पुढे गेला की पाणी मागे आदळतं आणि टँकर ढकलला जातो. टाकीत आडवे लावलेले पत्रे, म्हणजे आतले पडदे, ते थोपवतात, पण पूर्ण नाही. म्हणून यानंतर ट्रॅक्टर हलवला तो फक्त सगळ्यात खालच्या गियरमध्ये, रेस न देता, आणि प्रत्येक हालचालीनंतर पाण्याचा आवाज थांबेपर्यंत वाट बघून.

लाकूड आबांनी दिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, मघापासून लिंबाखाली बसून बघत होता. मागे जुन्या घराचा माळवदी भाग पाडून ठेवलेला होता, त्यातल्या बाभळीच्या तुळईचे कापलेले तुकडे त्यांनी दाखवले. "दगुड न्हाय चालायचा बाबा. दगुड फुटतो नायतर पळतो. लाकूड दबतं, पर जागा सोडत न्हाय." बैलगाडीची चाकं ज्या लाकडाची करतात ते हे लाकूड. मला त्यांचं बोलणं एकदम पटलं, कारण मघाचा गोटा डोळ्यासमोर होता.

आता जे केलं ते क्रमाने सांगतो.

टँकर ट्रॅक्टरच्या हुकाला तसाच जोडलेला ठेवला. या टँकरला स्वतःचा ब्रेक नाही; धरून ठेवणारा एक ट्रॅक्टरच. ट्रॅक्टर आणि टँकर एका सरळ रेषेत आणला. चाक जमिनीवर असतानाच बसलेल्या चाकाचे सहाही नट पान्याला पाइप लावून अर्धा-अर्धा फेरा सैल केले, जास्त नाही. चाक लोंबायला लागलं की ते पान्याबरोबर फिरतं आणि नट सुटत नाही. शिवाय अधांतरी टँकरवर पाइपला लोंबकळून झटके देणं हा दुसरा वेडेपणा.

मग डावीकडच्या पुढच्या चाकासमोर दोनच पायऱ्या. पहिली तीन इंच जाडीची, तिला लागून सहा इंच जाडीची, दोन्ही चाकाच्या वाटेला आडव्या, दहा-दहा इंच रुंद. सहा इंची तुकड्याच्या पुढे दोन पहारी जमिनीत फूटभर ठोकल्या, म्हणजे चाकाने ढकललं तरी लाकूड सरकणार नाही. एकूण लांबी वीस इंच. मागच्या चाकाला त्या लाकडापर्यंत पोचताच येणार नव्हतं, मी टेपने मोजूनच ठेवलं होतं. हाताने खुणा करायला मी एकटा पुढे, ट्रॅक्टरवर पुतण्या, बाकी कुणीही जवळ नाही.

चाक तीन इंचावर चढलं. थांबलो. लाकूड करकरलं, बसलं. मग सहा इंचावर. "बास, धर!" पुतण्याने ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद करून गियरमध्ये ठेवलं. उजवीकडच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. इथे दगड चालतो, कारण इथे त्याच्यावर चढायचं नाही, नुसतं अडवायचं आहे.

वाकून बघितलं. सहा इंच चढूनही बसलेलं चाक जमिनीला टेकलेलंच होतं! पुतण्याचा चेहरा पडला. हाच तो तराजू. पुढचं चाक वर गेलं की तराजू मागच्या पाट्याला खाली ढकलतो, आणि इतका वेळ दबलेला पाटाही ओझं कमी झालं तसा मोकळा होऊन खाली येतो. चढवलेल्या सहा इंचांतले बरेचसे असे तराजू आणि पाटे खाऊन टाकतात. ॲक्सल वर आला तो एखादाच इंच. पण महत्त्वाचं काम झालं होतं : त्या चाकावरचं ओझं जवळजवळ उतरलं होतं. लाथेने टायर हलत होता. ज्यांच्या ट्रेलरला पाटे नाहीत, प्रत्येक ॲक्सलला वेगवेगळे रबरी सस्पेन्शन आहे, त्यांचं चाक एवढ्या उंचीवर सरळ उचललं जातं. पाट्यांच्या टँकरवर तशी आशा धरू नये.

अशा वेळी अजून एक ठोकळा, अजून उंच, असा मोह होतो. मी तो टाळला आणि सगळ्या प्रकरणातला हा निर्णय मला सगळ्यात बरोबर वाटतो. जुनं चाक काढायला अर्धा इंच मोकळीक पुरते. नवं, हवा भरलेलं चाक बसवायला आणखी पाच-साडेपाच इंच लागतात, कारण फुगलेला टायर मध्यापासून सोळा इंच असतो आणि बसलेला दहाच. कित्येक लोक जुनं चाक सहज काढतात आणि मग स्टेपनी हातात घेऊन उभे राहतात. ते पाच इंच टँकर उचलून मिळवायचे तर धोका इंचाइंचाने वाढत जातो. जमीन खणून मिळवायचे तर फक्त घाम जातो.

खणण्याआधी टेकू. ॲक्सलच्या खाली, चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे पाट्याचे यू-बोल्ट बांधलेले असतात तिथे. तळाला रुंद सपाट फरशी, तिच्यावर तुळईचा तुकडा, वर उरलेल्या दोन इंचांच्या फटीत बाभळीच्या दोन पाचरी समोरासमोरून घणाने ठोकून घट्ट बसवल्या. पाचर ठोकताना आवाज बदलतो : आधी ठक-ठक, मग अचानक भरीव, जमिनीतून आल्यासारखा. तो आवाज आला की समजायचं, ओझं टेकूने घेतलं. आता पुढचं चाक लाकडावरून घसरलं असतं तरी ॲक्सल खाली आला नसता. हा टेकू बसेपर्यंत मी कुणाला टँकरखाली हात घालू दिला नाही, आणि टेकू बसल्यावरही कुणाचं डोकं किंवा पाय चॅसीखाली जाऊ दिला नाही. जॅक असला तरी हेच करायचं असतं, कारण जॅकचं तेल कधी उतरेल ते तो सांगत नाही.

मग टिकाव आणि खोरं. चाकाच्या बरोबर खाली सव्वादोन फूट लांब, टायरपेक्षा थोडा रुंद, सहा इंच खोल खड्डा, बाहेरच्या बाजूला उतार करून. टेकूच्या फरशीपासून टीचभर जमीन मुद्दाम सोडली. मुरूम इतका तापून कडक झालेला की पहिले दोन इंच पहारीनेच फोडावे लागले. पण त्या कडकपणामुळेच खड्ड्याची कड ढासळली नाही. हेच काळ्या रानात झालं असतं तर मी टेकूखाली फरशीऐवजी तीन-चार फुटी जाड फळी घातली असती, आणि पावसाळ्यात काळ्या रानात हा प्रकार केलाच नसता. ती माती ओझ्याखाली लोण्यासारखी सरते.

पंचवीस मिनिटांत चाक लोंबू लागलं. नट काढले, चाक खड्ड्यात उतरलं आणि उतारावरून बाहेर ओढलं. स्टेपनी त्याच उताराने आत लोटली. चाक हाताने उचलत बसलो नाही. टायरखाली पहार घालून, दगडावर टेकवून, एकाने दाबली आणि दुसऱ्याने भोकं बोल्टवर आणली. नट निमुळत्या बाजूने आत घालून आधी हाताने, मग समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळले.

उतरवण्याचा क्रमही आधी ठरवून ठेवला होता, कारण इथेच लोक घाई करतात. खड्डा निघालेल्या मुरमानेच भरला, पाय आणि घणाने चोपला, म्हणजे नवं चाक आपल्या जागी टेकलं. मग पाचरी बाजूने ठोकून काढल्या, टेकू सोडवला, फरशी काढली. उजवीकडचे मागचे दगड काढले. टँकर पुढे घ्यायचा नाही. पुढे घेतला तर मागचं चाक लाकडावर चढेल आणि पुढचं सहा इंचांवरून धाडकन पडेल. आलो त्याच पायऱ्यांनी मागे, सरळ, तीन फूट. चाक सहावरून तीनवर, तीनवरून जमिनीवर आलं. टाकीत पाणी एकदा डुचमळलं आणि शांत झालं. नट पुन्हा पूर्ण जोर लावून आवळले. सात वाजून वीस मिनिटं झाली होती, सूर्य बुडाला होता.

एक किलोमीटरवर थांबून नट परत तपासले, दोन नटांनी पाव फेरा घेतला. छावणीत पोचल्यावर पुन्हा बघितले, तेव्हा सगळे घट्ट होते. हौदात २२०० लिटर ओतलं आणि लगेच विहिरीकडे निघालो. दुसरी खेप रात्री साडेअकराला रिकामी झाली.

टायर खोलल्यावर कारण कळलं. काटा नाही, खिळा नाही. ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटलेला. हवा कमी असली की टायर रिमवर थोडा थोडा सरकत राहतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते, पण व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असतो, आणि शेवटी तिथेच फाटते. त्यात या वस्तीच्या तोंडाशी अरुंद वळण आहे. एकामागे एक ॲक्सल असलेला टँकर अशा वळणावर नुसता वळत नाही, त्याची चाकं आडवी घसटत जातात. ताण सगळा टायरच्या काठावर येतो. त्या वळणावर आम्ही तीन महिने दिवसातून चार-चार वेळा वळत होतो. आणि त्या चाकात हवा कमी आहे हे आम्हाला कळलं नव्हतं, कारण शेजारचं चाक त्याचं ओझं निमूटपणे वाहत होतं. तेव्हापासून रोज सकाळी चारही टायर हातोडीने ठोकून आवाज ऐकतो आणि आठवड्यातून एकदा मीटरने हवा मोजतो. एकाच बाजूच्या दोन टायरमध्ये फरक दिसला की गाडी रानात जात नाही.

त्या बसलेल्या चाकाबद्दल एक काळजीची गोष्ट. ७.५०-१६ च्या बऱ्याच चाकांना बाजूने लॉक रिंग असते, म्हणजे टायरला रिमवर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी. टायर रिमवर चाललेला असेल तर ती रिंग जागची हललेली असू शकते. अशा चाकात तिथल्या तिथे हवा भरू नये. दुकानात भरतानाही चाकाला साखळी गुंडाळावी आणि रिंगच्या समोर कुणी उभं राहू नये. रिंग उडून माणसं गेलेली आहेत.

तुळईचे तुकडे दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेलो. सहा इंची तुकड्यावर टायरची नक्षी अर्धा इंच खोल उमटली होती. आबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यो तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मला चुलीला दुसरी लाकडं हायेत." मग तीन आणि सहा इंचांच्या त्या दोन पायऱ्या एकत्र बोल्टने जोडून घेतल्या, भोक पाडून दोरी ओवली. ते लाकूड, दोन पाचरी, एक टेकूचा ठोकळा, पहार आणि छोटं खोरं आता टाकीखाली पेटीत असतं. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलंय : बसलेलं चाक ९ इंच, चांगलं चाक साडेतेरा इंच. जॅकही परत आलाय, आणि ट्रॅक्टरवरून तो आता कुठे जात नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुतण्या एकटाच होता, डाळिंबाच्या बागेकडे पाणी घेऊन निघालेला, आणि उजवीकडचं पुढचं चाक गेलं. जॅक होता, पण फटीत शिरत नव्हता. त्याने फोन केला. आवाजात घाई नव्हती. पायऱ्या मांडल्या आहेत, पहारी ठोकल्या आहेत, माणसं लांब उभी केली आहेत, एवढं सांगून त्याने विचारलं, "काका, बागेतलं शेततळं जवळच हाय. किती पाणी वतू तिथं, अर्धं का सगळंच?"

मी म्हटलं, शेततळं आहे तर सगळंच ओत.